कोकणातली शेती, जैवतंत्रज्ञान आणि मूठभर कंपन्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरगाच्या आधी बियाण्याचे भाव कळले की आणि पुढे मोहोराच्या दिवसांत फवारणीची बिलं हातात पडली की हे प्रश्न यायला लागतात. बहुतेक रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडातून येतात. काही मुंबईच्या चाकरमान्यांचे असतात, ज्यांची गावची जमीन भाऊबंद कसतात. तेच ते प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतात, म्हणून उत्तरं एका जागी लावली आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी धागा जुळतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. "बाजार चार कंपन्यांच्या हातात गेला" असं म्हणतात. हे कोण आणि कसं मोजतं?

सोपी पद्धत म्हणजे पहिल्या चार कंपन्यांचा एकूण विक्रीतला वाटा बघणं. दुसरी पद्धत अर्थशास्त्रज्ञांची. प्रत्येक कंपनीच्या टक्केवारीचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. चार कंपन्यांकडे प्रत्येकी २५ टक्के असतील तर बेरीज २५०० येते. एकटीच कंपनी असेल तर १०,०००. सारख्या आकाराच्या शंभर असतील तर अवघी १००. अमेरिकेच्या २०२३ च्या नियमावलीत ही बेरीज १८०० च्या वर गेली की बाजार फारच एकवटला असं धरतात.

मोजण्याआधी ठरवावं लागतं ते "बाजार" कशाला म्हणायचं. जगभरचं सगळं बियाणं धरलं तर विकत मिळणाऱ्या बियाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा चार कंपन्यांचा भरतो. अमेरिकेतला नुसता मका धरला तर दोनच कंपन्यांकडे निम्म्याहून कितीतरी जास्त जातो. आणि राजापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीच्या दृष्टीने बाजार म्हणजे पावसाआधी एसटीने जाऊन गोणी आणता येईल एवढीच दुकानं. तिथला आकडा कुठल्याच अहवालात येत नाही.

२. आमच्याकडे कापूस नाय. भात, आंबो, काजू आमचो. मगे ह्या सगळा आमका कशाक होया?

कापसाचा विषय वारंवार निघतो, कारण भारतात व्यापारी लागवडीची परवानगी मिळालेलं जनुकीय बदलाचं पीक आजवर तेवढंच आहे. मक्तेदारी कशी बनते आणि सरकार काय करतं, हे आपल्या देशात बघायचं तर कापसातच बघावं लागतं (प्रश्न ६ आणि ७). पण त्याच कंपन्यांचा माल आपल्याकडे दुसऱ्या वाटेने येतो: संकरित भाताच्या पिशवीतून (८), कलमांवरच्या औषधांतून (११) आणि कोळंबीच्या पिलांतून (१३).

शिवाय आपला धोका विदर्भापेक्षा वेगळा आहे. तिथे कंपन्या गर्दी करतात. आपल्याकडे क्षेत्र इतकं तुकड्या-तुकड्यांचं की लुटायलाही कोणी फारसं येत नाही. लाल भात, नाचणी, कुळीथ, वाल यांच्यावर एखादी मोठी कंपनी संशोधनाचा पैसा लावेल, असं मला तरी वाटत नाही. कंपन्या जितक्या कमी आणि मोठ्या, तितकं त्यांचं लक्ष मका, सोयाबीन, कापूस अशा मोठ्या पिकांकडे. आपल्या पिकांवर काम झालं ते दापोली, कर्जत, वेंगुर्ले, पनवेल इथल्या सरकारी केंद्रांवर, आणि ती केंद्रं मनुष्यबळाअभावी ढेपाळली तर त्यांची जागा घ्यायला दुसरं कोणी उभं नाही.

३. जैवतंत्रज्ञान म्हणजे जीएम बियाणंच ना?

नाही. ऊतीसंवर्धनाची केळीची रोपं, ट्रायकोडर्मा आणि रायझोबियमसारखी जिवाणू-बुरशीची खतं-औषधं, जनुकीय खुणा बघून लवकर निवड करणं, जनुक संपादन (वाणाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल करणं), हे सगळं त्यातच मोडतं. जीएम, म्हणजे बाहेरचं जनुक घालून केलेला बदल, हा त्यातला एक भाग, पण सगळ्यात खर्चिक आणि सगळ्यात जास्त कायद्यात अडकलेला.

हा फरक बाजाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. ट्रायकोडर्मा तयार करायला छोटी प्रयोगशाळा पुरते. म्हणून तो विद्यापीठं विकतात, बचत गट विकतात, छोटे कारखानदारही विकतात. दर्जा कमी-जास्त असतो ही गोष्ट खरी, पण एकाची मक्तेदारी तिथे टिकत नाही. तंत्र जेवढं स्वस्त आणि परवानगी जेवढी सोपी, तेवढे विकणारे जास्त.

४. तंत्रज्ञान नवीन आलं की कंपन्या वाढायला हव्यात. इथे कमी का झाल्या?

सुरुवातीला वाढल्याच होत्या. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जनुकीय बदल केलेल्या जिवाणूला पेटंट देता येतं असा निकाल दिला, आणि विद्यापीठांतून बाहेर पडलेल्या लोकांनी छोट्या कंपन्या काढल्या. १९९४ मध्ये जीएम टोमॅटो बाजारात आणणारी कॅलजीन ही तशीच. काही वर्षांतच ती अमेरिकेच्याच मोन्सँटो या बड्या कंपनीने घेतली. बेल्जियमची प्लांट जेनेटिक सिस्टिम्स हातोहात विकली जात जर्मनीच्या बायरकडे गेली. छोट्यांनी दार उघडलं आणि मोठे आत शिरले, असा तो दहा-पंधरा वर्षांचा इतिहास आहे.

याला कारणं बरीच आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिलं कारण पैसा. कंपन्यांच्याच संघटनेने करून घेतलेल्या २०११ च्या पाहणीत एक जीएम गुण शोधण्यापासून विकायला येईपर्यंत सरासरी १३ कोटी ६० लाख डॉलर आणि १३ वर्षं लागतात असं निघालं. त्यातला साधारण चौथा हिस्सा चाचण्या आणि परवानग्यांचा. आकडा कंपन्यांचा आहे, तेव्हा थोडा फुगवलेला धरा. तरीही कर्जत किंवा महाडच्या एखाद्या बीजोत्पादकाला तो झेपणारा नाही. इथे एक विचित्र गोष्ट घडते. लोक जीएमला घाबरून कडक चाचण्या मागतात, ते योग्यही असतं. पण चाचणी जितकी महाग, तितके छोटे आणि सरकारी संशोधक शर्यतीबाहेर जातात आणि रान मोठ्यांना मोकळं होतं. कडक नियम नकोत असा याचा अर्थ नव्हे. चाचणीचा खर्च सरकारने उचलावा, हा त्यातून निघणारा मार्ग आहे आणि त्यावर आपल्याकडे कोणी फारसं बोलत नाही.

दुसरं, पेटंटांचं जंजाळ. अ जीवनसत्त्वाच्या 'गोल्डन राइस'मध्ये वापरलेल्या तंत्रांवर जगभरात सत्तरच्या आसपास पेटंटं होती. धर्मादाय कामासाठी ती सोडवून घेतली गेली. व्यापारी मालाला तशी सवलत मिळत नाही. मग ज्याच्याकडे पेटंटांचा साठा तोच दुसऱ्या साठेवाल्याशी देवाणघेवाण करतो.

तिसरं कारण शेतकऱ्याला चटकन पटतं. नुसतं जनुक शेतात उगवत नाही. ते चांगल्या, त्या मातीत रुजलेल्या वाणात घालावं लागतं. म्हणून जनुकवाल्यांनी वाणवाले विकत घेतले. मोन्सँटोने डेकाल्ब, सेमिनिस, डेल्टा अँड पाइन लँड घेतल्या, ड्युपाँटने १९९९ मध्ये पायोनियर घेतली, आणि आपल्याकडे जालन्याच्या महिकोत मोन्सँटोने २६ टक्के हिस्सा घेतला.

आणि रसायन. बीटी, म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेल्या वाणामुळे फवारणी घटते, म्हणजे औषध कंपनीचा तोटा. तणनाशक सोसणाऱ्या वाणामुळे तणनाशक जास्त खपतं, म्हणजे तिचा फायदा. दोन्ही बाजूंनी औषध कंपनीला बियाण्यात शिरणं भाग पडलं. १९९६ मध्ये अमेरिकेत मोन्सँटोचं राउंडअप हे तणनाशक सोसणारं तिचंच सोयाबीन आलं तेव्हा बी आणि बाटली एकाच घरची झाली.

५. कोणी कोणाला घेतलं, थोडक्यात सांगा.

२०१५ पर्यंत सहा मोठ्या कंपन्या मानल्या जात. २०१७ मध्ये डाऊ आणि ड्युपाँट एक झाल्या. त्यांचा शेतीचा भाग २०१९ मध्ये कॉर्टेव्हा म्हणून सुटा निघाला. २०१७ मध्येच चीनच्या केमचायनाने स्वित्झर्लंडची सिंजेंटा घेतली. २०१८ मध्ये बायरने मोन्सँटो घेतली आणि परवानगी मिळावी म्हणून बियाण्याचा बराच भाग बीएएसएफला विकला. सहाचे चार झाले. भारतात स्पर्धा आयोगाने बायर-मोन्सँटो सौद्याला २०१८ मध्ये अटी घालून मान्यता दिली.

६. यवतमाळच्या पाहुण्यांकडे कापसाच्या पन्नास कंपन्यांची पाकिटं बघितली. मग मक्तेदारी कुठे आहे?

पाकिटाच्या आत आहे. पाट्या वेगवेगळ्या आणि भटारखाना एकच, तसा हा प्रकार.

बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली. तंत्रज्ञान महिको-मोन्सँटो बायोटेक या दोघांच्या भागीदारीतल्या कंपनीचं. तिने स्वतः सगळं बी विकायचा हट्ट धरला नाही. चाळीसच्या वर भारतीय बियाणे कंपन्यांना परवाने दिले आणि प्रत्येक पाकिटामागे रॉयल्टी घेतली. त्यामुळे दुकानात शेकडो संकरित वाण आले, रंगीबेरंगी पाकिटं आली, कंपन्या एकमेकींशी भांडल्या. पण बोंडअळी मारणारं जनुक जवळजवळ सगळ्यांत तेच. खालच्या पायरीवर स्पर्धा आणि वरच्या पायरीवर एकच मालक, असा हा बाजार. पाकिटं मोजणारा फसतो.

पर्याय नव्हते असं नाही. २००६ मध्ये आणखी दोन कंपन्यांच्या बीटीला परवानगी मिळाली, त्यांतलं एक जनुक आयआयटी खरगपूरमधलं होतं आणि दुसरं चीनमधून आलेलं. पण त्याच वर्षी महिको-मोन्सँटोचंच दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं आणि ते दोन्ही मागे पडले. सरकारी प्रयत्नही झाला: नागपूरच्या कापूस संस्थेचं आणि धारवाडच्या विद्यापीठाचं 'बिकानेरी नरमा बीटी'. ते संकरित नव्हतं, सरळ वाण होतं, म्हणजे शेतकऱ्याला घरचं बी ठेवता आलं असतं. २००९ मध्ये ते बाजारात आलं आणि त्यात मोन्सँटोचंच जनुक सापडल्यावर मागे घ्यावं लागलं. कापसातल्या मक्तेदारीला कायमचं उत्तर मिळण्याची ती संधी होती. ती अशा ढिसाळपणात गेली याचा मला खासगी कंपन्यांच्या नफ्यापेक्षा जास्त राग येतो.

एकाच जनुकावर सगळ्यांनी भिस्त ठेवण्याची दुसरी किंमतही मोजावी लागली. गुलाबी बोंडअळीने आधी एका जनुकाचं बोलगार्ड-१ आणि २०१५ च्या सुमारास बोलगार्ड-२ पचवलं. पन्नास पाकिटांतलं सगळं संरक्षण एकदमच कमजोर झालं.

७. सरकारने बियाण्याचे भाव बांधले. त्याने मक्तेदारी मोडली का?

भाव उतरले, मक्तेदारीचं मूळ तसंच राहिलं. सुरुवातीला ४५० ग्रॅमचं पाकीट साधारण १६०० रुपयांना जात होतं. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेलं आणि भाव ७५० वर आला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने दर ठरवायचा आदेश काढला. २०१६ च्या हंगामाला बोलगार्ड-२ चं पाकीट ८०० रुपये आणि त्यातली रॉयल्टी १६३ वरून ४९ रुपये झाली. पुढे ती ३९, मग २०, आणि २०२० मध्ये शून्य. पेटंटची मुदतही २०१९ च्या अखेरीस संपली होती.

याची दुसरी बाजू अशी की २०१६ मध्येच पुढच्या पिढीच्या बियाण्याचा अर्ज मागे घेतला गेला. त्यानंतर कापसात नवं जीएम तंत्र अधिकृतपणे आलेलं नाही. शेतकऱ्याने स्वस्त पण जुनं बी घ्यायचं की महाग पण नवं, असा हा पेच. माझं मत विचाराल तर रॉयल्टी उतरवणं योग्य होतं. पण सोबत दुसरा, सरकारी जनुकस्रोत उभा करायला हवा होता. तो नसेल तर दरपत्रक म्हणजे तापावर क्रोसिन.

८. संकरित भाताचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. हेसुद्धा पेटंटमुळेच का?

नाही. संकरित वाणाचा जोम पहिल्या पिढीपुरता असतो. त्याचं भात पुढच्या वर्षी तरव्यात टाकलं तर काही रोपं उंच, काही बुटकी, कुठे आधी पसवलेलं, कुठे मागाहून, अशी खिचडी होते. कंपनीला कोर्टात जायची गरजच नाही, निसर्गच तिच्यासाठी राखण करतो. मक्तेदारीचं हे कुलूप जीएमच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

फरक पडतो तो मूळ नर-मादी वाण कोणाकडे आहेत याने. 'अराइज ६४४४' बायरचा, त्याचे पालक वाण बायरकडे. 'सह्याद्री' मालिका कर्जतच्या केंद्राने काढलेली, तिचे पालक वाण विद्यापीठाकडे. दोन्ही संकरितच आणि दोन्हींचं बी दरवर्षी घ्यावं लागतं. पण दुसऱ्याचं बीजोत्पादन कोणाला द्यायचं हे विद्यापीठ ठरवू शकतं. अडचण अशी की ते पुरेसं होत नाही. मे महिन्याच्या शेवटी सरकारी पिशवी मिळत नाही आणि खासगी पिशवी दुकानात समोर रचलेली असते. मग लोक कुठली घेणार?

सरळ वाणांची गोष्ट निराळी. रत्नागिरी १, रत्नागिरी २४, कर्जत ३, खाजणातली पनवेलची वाणं, किंवा वालय, बेळा, राता यांसारखी जुनी, यांचं बी निवडून, वाळवून ठेवलं तर पुढच्या वर्षी चालतं. तीन-चार वर्षांनी ताजं आणावं एवढंच. एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा: गावात सरळ वाण लावणारे थोडेच उरले की संकरित बियाण्याच्या भावाला खालून टेकू राहत नाही. विक्रेत्याला ठाऊक असतं की गिऱ्हाइकाकडे घरी मुडीत काही नाही.

९. घरचं बी ठेवलं, मेहुण्याला दिलं, थोडं विकलं. कंपनी केस करेल का?

भारतातला २००१ चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा तुमच्या बाजूने आहे. त्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी झालेल्या वाणाचं बीसुद्धा शेतकरी ठेवू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो. अट एकच: वाणाचं नाव छापलेल्या, लेबल लावलेल्या पिशवीत ब्रँड म्हणून विकायचं नाही. बऱ्याच देशांत एवढा हक्क नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंट असलेल्या सोयाबीनचे दाणे पुन्हा पेरणाऱ्या शेतकऱ्याच्या विरोधात निकाल दिला.

आपल्याकडे २०१९ मध्ये पेप्सिकोने आपल्या नोंदणीकृत वाणाचा बटाटा लावल्याबद्दल गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले होते. ओरड झाल्यावर ते मागे घेतले. त्या वाणाची नोंदणी २०२१ मध्ये रद्द झाली आणि २०२४ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द करण्याचा आदेश बाजूला ठेवला. कंपनीचा वाणावरचा हक्क टिकला, पण शेतकऱ्याचं कलम ३९ तसंच आहे.

अपवाद दोन. संकरिताचं बी ठेवण्यात कायद्याची अडचण नसली तरी उपयोग नाही (प्रश्न ८). परवानगी नसलेलं जीएम बी असेल तर हा कायदा तुम्हाला वाचवत नाही (प्रश्न १५).

१०. उद्या कोणी हापूसच्या किंवा वेंगुर्ला काजूच्या कलमावर हक्क सांगितला तर?

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते नावाला. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पाच जिल्ह्यांबाहेरचा आंबा त्या नावाने विकायचा नाही, एवढंच त्याने साधतं. झाडावर, काडीवर, कलम बांधण्यावर त्याने कोणाचीही मालकी येत नाही. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ (जे) प्रमाणे झाडं आणि बियाणं यांना पेटंट मिळतच नाही.

कलमांच्या धंद्यात एकवटणं का होत नाही, हे बघण्यासारखं आहे. वेंगुर्ला ४ किंवा ७ ची काडी मिळाली की कुशल माळी त्याची हवी तेवढी मृदकाष्ठ कलमं बांधतो आणि प्रत्येक कलम मूळ झाडासारखंच. हेच संकरित भाताच्या नेमकं उलट. म्हणूनच रोपवाटिका गावोगाव आहेत आणि कलमांचे भाव त्या मानाने ताब्यात आहेत. इथला त्रास फसवणुकीचा: वेंगुर्ला ४ म्हणून दिलेलं कलम भलतंच निघतं आणि ते कळायला तीन-चार वर्षं जातात. मान्यताप्राप्त रोपवाटिका आणि वाणाचं नाव लिहिलेली पावती, एवढाच त्यावर उपाय.

११. फवारणीची औषधं तर ढीगभर कंपन्यांची मिळतात. तिथे कसली मक्तेदारी?

पेटंट असेपर्यंत असते. आपल्या बागायतदारांना सगळ्यात ओळखीची बाटली घ्या: आंब्याला मोहोर यावा म्हणून देतात ते कल्टार. आतलं द्रव्य पॅक्लोब्युट्राझोल, काढलं ब्रिटनच्या आयसीआयने. आयसीआयचा तो विभाग १९९३ मध्ये झेनेका म्हणून वेगळा झाला. २००० मध्ये झेनेकाचा आणि नोव्हार्टिसचा शेतीचा धंदा एकत्र येऊन सिंजेंटा झाली. २०१७ मध्ये ती चिनी सरकारी कंपनीकडे गेली. रत्नागिरीतलं कलम जागचं हललं नाही आणि त्याच्या बुंध्यात ओतल्या जाणाऱ्या बाटलीचे मालक मात्र इतके बदलले.

पण पॅक्लोब्युट्राझोलचं पेटंट कधीच संपलं आणि आज ते कित्येक कंपन्या बनवतात, तरी लोक "कल्टार द्या" म्हणूनच मागतात. इथे मक्तेदारी कायद्याची उरलेली नाही, सवयीची आहे. तुडतुड्यांवरच्या इमिडाक्लोप्रिड, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, थायामेथोक्झाम यांचंही तेच. बाटलीवरचं मोठ्या अक्षरांतलं नाव सोडा आणि खालचं द्रव्याचं नाव व टक्के वाचा. भाव लिटरवर न करता क्रियाशील घटकाच्या ग्रॅमवर करा. पॅक्लोब्युट्राझोलची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक अशी आहे. त्या हिशोबाने दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की कोण महाग ते लगेच दिसतं. बनावट मालाची भीती रास्त आहे, म्हणून बिल आणि बॅच क्रमांक घेतल्याशिवाय स्वस्त बाटली उचलू नका.

फळमाशीसाठी दापोली विद्यापीठाचा रक्षक सापळा आहेच. मिथिल युजेनॉलच्या वासाने नर माशा त्यात येतात. त्यावर कोणाची रॉयल्टी नाही, बहुधा म्हणूनच त्याची जाहिरातही कोणी करत नाही.

१२. युरिया मागितला की दुकानदार सोबत दुसरं काहीतरी गळ्यात मारतो. हाही त्यातलाच प्रकार?

याला धंद्यात लिंकिंग म्हणतात. जैवतंत्रज्ञानाशी त्याचा थेट संबंध नाही. जवळपास दुसरं दुकान नसणं आणि ऐन लावणीत खताची टंचाई, यांतून ते होतं. सक्ती बेकायदा आहे. बिलात प्रत्येक वस्तू वेगळी लिहून घ्या आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या.

१३. कोळंबी आणि कोंबडीतही असंच आहे म्हणतात, खरं का?

बियाण्यापेक्षा जास्तच आहे, पण शेतीच्या चर्चेत ते येत नाही. २००९ मध्ये भारतात व्हॅनामी कोळंबीला परवानगी मिळाली. ठरावीक रोगांपासून मुक्त असलेली तिची प्रजनक जोडी परदेशातून येते, मुख्यतः अमेरिकेतल्या मोजक्या पैदास कंपन्यांकडून. चेन्नईत ती विलगीकरणात ठेवतात आणि मग हॅचरीत जाते. पालघर, रायगड, रत्नागिरीच्या खाड्यांलगतच्या तलावांत जे पिल्लू सोडलं जातं त्याची पिढीजात निवड तिकडे झालेली असते. तलावातल्या कोळंबीपासून घरीच पैदास करायला गेलं तर तो जोम आणि रोगमुक्तीची खात्री राहत नाही. म्हणजे पुन्हा प्रश्न ८ मधलं कुलूप.

ब्रॉयलरमध्ये जगभर दोन मोठी घराणी आहेत, कॉब आणि एव्हियाजेन. भारतात पुण्याच्या व्यंकीज गटाचा व्हेनकॉब त्यांतल्या पहिल्याशी जोडलेला. शेडवाल्या शेतकऱ्याला पिल्लू, खाद्य, औषध सगळं एकाच कंपनीकडून येतं आणि कोंबडीही तीच नेते. तिथे निवड करायला त्याच्याकडे शेडची जागा सोडून फारसं काही नसतं.

१४. जनुक संपादनाने हे सगळं बदलेल का?

थोडं बदलू शकतं. मार्च २०२२ मध्ये केंद्राने, ज्यात परकं जनुक शिल्लक राहत नाही अशा संपादित वाणांना जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली. प्रश्न ४ मधला परवानगीचा खर्च त्याने बराच उतरतो. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने संपादनातून तयार झालेली दोन भाताची वाणं जाहीर केली: सांबा महसुरीपासून 'कमला' आणि एमटीयू १०१० पासून 'पुसा डीएसटी राइस १'. दुसरं दुष्काळ आणि क्षार सोसण्यासाठी आहे. खारभूमीवाल्यांनी त्याच्याकडे लक्ष ठेवायला हरकत नाही, फक्त आपल्या खाजणात ते घेऊन बघितल्याशिवाय राता टाकून देऊ नये.

पण क्रिस्पर या मूळ हत्याराची पेटंटं आहेतच. शेतीतल्या वापराचे परवाने देण्यासाठी २०१७ मध्ये ब्रॉड इन्स्टिट्यूट आणि आजची कॉर्टेव्हा यांनी हात मिळवले. अभ्यासासाठी वापर मोफत, व्यापारासाठी परवाना. म्हणजे कुलूप नवं, किल्लीवाल्यांत ओळखीचा चेहरा. सरकारी वाणं खुली राहिली आणि त्यांचं बी वेळेवर मिळालं तर गावात फरक दिसेल.

१५. चोरटं एचटीबीटी (तणनाशक सोसणाऱ्या बीटी कापसाचं) बियाणं मिळतं. कंपनीला रॉयल्टी नाही, म्हणजे मक्तेदारी मोडलीच की?

हा युक्तिवाद विदर्भातून येतो. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून आंदोलन केलं. तंत्रज्ञान निवडण्याचा हक्क हवा, ही त्यांची मागणी समजण्यासारखी आहे. पण चोरट्या पाकिटातलं जनुकही शेवटी मोठ्या कंपनीचंच. पाकिटावर खरा पत्ता नाही, बिल नाही, उगवलं नाही तर दाद नाही. आणि त्यासोबत लागणारं तणनाशक तुम्ही दुकानातूनच घेणार. आपल्याकडे कापूस नसला तरी "तणनाशक सोसणारं भात" म्हणून कोणी पिशवी दाखवली तर ती घेऊ नका. जनुक बदलून तसं केलेल्या भाताला भारतात लागवडीची परवानगी नाही.

१६. स्पर्धा आयोगाकडे साधा शेतकरी जाऊ शकतो का?

जाऊ शकतो. २००२ च्या स्पर्धा कायद्याप्रमाणे कोणीही व्यक्ती, ग्राहक किंवा संघटना फी भरून माहिती दाखल करू शकते. मोठं असणं हा गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा आहे, आणि तो सिद्ध करावा लागतो. एकट्याने जाण्यापेक्षा सोसायटीने किंवा शेतकरी कंपनीने जावं.

एक खाच आहे. बीटीच्या रॉयल्टीवरून आयोगाने २०१६ मध्ये चौकशी लावली होती. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की पेटंटच्या परवान्याबद्दलची तक्रार पेटंट कायद्याखालीच बघायची, आयोगाने नाही. म्हणजे ज्या वरच्या पायरीवर खरी मक्तेदारी असते (प्रश्न ६), तिथेच आयोगाचा हात आखडला.

१७. विकत घेतलेलं भाताचं बी उगवलंच नाही. कंपनी म्हणते पाऊस कमी पडला. आता?

पिशवी फेकू नका. लेबल, टॅग, पक्कं बिल आणि मूठभर उरलेलं बी, एवढं ठेवलंत तर तुमची बाजू उभी राहते. रोपं मोडून दुसरं पेरण्याआधी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. तालुका तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते आणि त्या पंचनाम्याशिवाय ग्राहक आयोगात प्रकरण लंगडं पडतं. शेजाऱ्याने तेच बी, त्याच लॉटचं, त्याच आठवड्यात पेरलं असेल तर त्याचंही निवेदन घ्या. सगळ्यांचंच उगवलं नसेल तर पावसाचं कारण टिकणं अवघड जातं. नोंदणीकृत वाण कंपनीने सांगितल्याप्रमाणे उतरलं नाही तर प्रश्न ९ मधल्या कायद्याच्या कलम ३९ (२) खाली वाण संरक्षण प्राधिकरणाकडेही भरपाई मागता येते. ही वाट फार कमी लोक वापरतात. बियाणं बिलाशिवाय, ओळखीवर आणलं असेल तर मात्र यातली एकही वाट उघडत नाही.